उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब मतदाराला बघता येतो का? (ग्वाल्हेर, विधानसभा)

शिंदेछावणी

मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवस जुंपली आहे. कुणीतरी अमेरिकेच्या डंकन हंटरची जुनी बातमी टाकली. निवडून आलेला माणूस, आणि प्रचाराच्या खात्यातून घरच्या पाळीव सशाच्या विमानभाड्याचे ६०० डॉलर निघाले. त्यावर धडाधड शिव्या पडल्या. त्याच ग्रुपवर आपल्याकडच्या एका उमेदवाराबद्दल ‘चंदा गोळा केला आणि घरावर मजला चढवला’ असं कुणी लिहिलं, तर सगळे हसून मोकळे.

मला तीन गोष्टी नीट कळायला हव्यात. चंदा घरी वळवला तर तो कोणत्या कायद्यात बसतो? उमेदवाराने दिलेला हिशेब साध्या मतदाराला बघायला मिळतो का, कुठे? आणि तक्रारी एवढ्या होतात, मग पुढे काही घडत का नाही? विचारणा विधानसभेपुरती आहे. नगर निगमचं नको, तिथे राज्य निवडणूक आयोगाचे नियम वेगळे लागतात.

खातेवही

ताई, ससा आणि मजला ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. ग्रुपवर गोंधळ होतोय तो इथेच.

अमेरिकेत देणगी ही प्रचार समितीची असते, ती स्वतःच्या कामाला वापरणं हाच गुन्हा. म्हणून तिथे ससा सापडतो, खासदार जेसी जॅक्सन ज्युनियरचं ४३,३५० डॉलरचं रोलेक्स घड्याळ सापडतं आणि माणूस तुरुंगात जातो. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ७७ फक्त एवढंच विचारतो की पर्चा (उमेदवारी अर्ज) भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, तुम्ही किती खर्च केलात किंवा करवलात. पैसा आला कुठून तेही हिशेबाच्या नमुन्यात लिहावं लागतं: अनुसूची ७ मध्ये स्वतःचा, ८ मध्ये पक्षाने दिलेला, ९ मध्ये इतरांकडून आलेला. पण उरलेल्या पैशाचं पुढे काय केलंत, हा त्या हिशेबाचा विषयच नाही.

त्यामुळे ‘मजला चढवला’ अशी तक्रार निवडणूक शाखेत घेऊन गेलात तर बाबू कागद ठेवून घेईल आणि विसरून जाईल. ज्याने चंदा दिला त्याला फसवलं असेल, तर भारतीय न्याय संहितेतलं ३१६ (विश्वासघात) किंवा ३१८ (फसवणूक) आहे. पण ते ठाण्याचं काम, आणि देणाऱ्याने स्वतः पुढे यायला हवं. ज्याने रोख दिलं आणि पावती घेतली नाही तो येत नाही. एका देणगीदाराकडून १०,००० रुपयांच्या वर रोख घ्यायची नाही असं भारत निवडणूक आयोगाचं बंधन आहे, म्हणजे मोठी रोख देणारा तर मुळीच येणार नाही.

आपल्याकडे खरा लबाडीचा प्रकार उलटा असतो. पैसा खाल्ला याच्यापेक्षा खर्च झाला आणि लपवला, हे जास्त. विधानसभेला मध्य प्रदेशात मर्यादा ४० लाख (२०२२ पासून, लोकसभेला ९५ लाख). खर्च कमी दाखवला हे पकडता येतं, कारण त्याला बाहेरचा पुरावा असतो: खुर्च्या, गाड्या, फ्लेक्स, भोंगे.

मुरारकर

बघायचं कुठे, ते सांगतो. निकालापासून ३० दिवसांत उमेदवाराला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो (कलम ७८). आपल्याकडे म्हणजे कलेक्टोरेटमधली निवडणूक शाखा. निवडणूक संचालन नियम १९६१, नियम ८८: एक रुपया शुल्क भरून कोणीही हिशेब पाहू शकतो, ठरलेले पैसे भरून साक्षांकित प्रतही मिळते. अर्जात ‘माहितीचा अधिकार’ लिहू नका. तसं लिहिलंत की कागद माहिती अधिकाऱ्याकडे जातो आणि ३० दिवसांची वाट बघणं मागे लागतं. सरळ ‘नियम ८८ अन्वये निरीक्षण’ लिहा, मतदारसंघाचं नाव, उमेदवाराचं नाव, बस. गोषवारा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर स्कॅन करून टाकलेला असतो, पण पानं तिरकी, शिक्के अंधुक. बिलं वाचायची तर तिथे जाऊनच.

रजिस्टरमध्ये तीन रंगांची पानं दिसतील. पांढरी म्हणजे रोजचा खर्च, गुलाबी रोकड, पिवळी बँक. आधी पिवळी उघडा. पर्चा भरायच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढावं लागतं आणि खर्च त्यातून व्हायला हवा. एकाच माणसाला किंवा फर्मला संपूर्ण निवडणुकीत १०,००० च्या वर रोख देता येत नाही. इथे एक जुनी युक्ती दिसते: एकाच टेंट हाऊसला ९,५००, ९,८००, ९,२०० अशी तीन रोख बिलं, तीन तारखांना. मर्यादा एका बिलाला नाही, त्या फर्मच्या एकूण रकमेला आहे.

मग पांढऱ्या पानावरची एक सभा निवडा. एकच. सगळं तपासायला जाल तर दमून घरी याल. उदाहरण म्हणून धरा, बिलात ४०० खुर्च्या, दर ८ रुपये, म्हणजे ३,२००. त्या सभेचं प्रशासनाच्या व्हिडिओ पथकाने चित्रण केलेलं असतं. कॅमेरेवाला सुरुवातीला तारीख, जागा, उमेदवाराचं नाव बोलून घेतो, मग खुर्च्या, मंचाची लांबी-रुंदी, भोंगे, फ्लेक्स आणि गाड्यांचे नंबर टिपतो. ते पाहून लेखा पथक ‘छाया रजिस्टर’मध्ये आपला हिशेब लिहितं. तिथे २,००० खुर्च्या असतील तर १६,००० झाले, फरक १२,८००. दर वादाचा नसतो, कारण जिल्ह्याची दरसूची निवडणुकीआधीच पक्षांना बोलावून ठरवलेली असते. कचोरीपासून जनरेटरपर्यंत सगळं तिच्यात असतं. ती प्रत आधी मिळवा, तिच्याशिवाय बाकी कागद मुके.

गाड्यांचं अजून सोपं. परवाना घेतलेली गाडी वापरायची नसेल तर तसं निवडणूक अधिकाऱ्याला कळवावं लागतं, नाहीतर तिचा खर्च धरला जातो. परवाने किती आणि अनुसूची ५ मध्ये गाड्या किती, एवढं जुळवा.

छपाईसाठी कलम १२७-क. पत्रक असो की फ्लेक्स, त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, आणि छापखान्याने किती प्रती छापल्या ते प्रशासनाला कळवलेलं असतं. तो आकडा बिलाशी ताडून पाहा. फ्लेक्सवर छापखान्याचं नाव नसेल तर तो स्वतंत्र गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० पर्यंत दंड.

बेडई_जलेबी

सगळं छान. पण ४० लाखांत कुठे निवडणूक होते का हो? गोपीनाथ मुंडे २०१३ मध्ये जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की २००९ च्या लोकसभेला आठ कोटी लागले. तेव्हा मर्यादा २५ लाख होती. लोक काय रागावले? सगळ्यांना ठाऊक असतं.

खातेवही

आयोगाची नोटीस मात्र गेली होती त्यांना. आणि सगळ्यांना ठाऊक असतं ते पैसे जातात कुठून, ते बघा: उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. स्टार प्रचारक आला (मान्यताप्राप्त पक्षाला ४० नावं देता येतात) तर त्याचा प्रवास उमेदवाराच्या नावावर पडत नाही. पण उमेदवार त्याच मंचावर बसला, किंवा त्याचा फोटो वा नाव मंडपात लागलं, की सभेचा खर्च त्याच्याकडे वळतो. तीन उमेदवार बसले तर तिघांत वाटला जातो. म्हणून कधीकधी मोठ्या सभेत स्थानिक उमेदवार मंचाखाली पहिल्या रांगेत बसलेला दिसतो. लोकांना वाटतं नम्रपणा.

कलम७७

पहिल्या दोन्ही उत्तरांत एक धोका सुटला आहे, तो तारखांचा.

हिशेब निकालानंतर ३० व्या दिवसापर्यंत येतो. निवडणूक याचिका हायकोर्टात निकालापासून ४५ दिवसांत दाखल करावी लागते (कलम ८१), सोबत २,००० रुपये अनामत. मतदारालाही करता येते. म्हणजे हिशेब हातात आल्यावर उरतात १५ दिवस, त्यातही सुट्ट्या. ४६ व्या दिवशी कितीही पक्का पुरावा आणला तरी कोर्ट दार उघडत नाही, उशीर माफ करायची तरतूदच नाही. म्हणून कागद प्रचारातच गोळा करावे लागतात. त्या काळात आयोगाने नेमलेल्या खर्च निरीक्षकासमोर उमेदवाराचं रजिस्टर किमान तीनदा तपासलं जातं. तफावत निघाली की २४ तासांत नोटीस, ४८ तासांत उत्तर. शिवाय निकालानंतर २६ व्या दिवशी ताळमेळ बैठक होते, तिथे उमेदवार लपवलेला खर्च कबूल करून हिशेबात घालू शकतो. मुरारकरांच्या उदाहरणातले १२,८०० तिथेच मिटतील आणि तुमची तक्रार पोकळ ठरेल.

दुसरं. याचिकेत ‘भ्रष्ट आचार’ ठरतो तो मर्यादा ओलांडली तरच, कलम १२३(६). हिशेब चुकीचा, पण चुका धरूनही बेरीज ३१ लाख? याचिका पडली. तिथे उरतं कलम १०-क: योग्य पद्धतीने हिशेब दिला नाही म्हणून आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. रक्कम किती छोटी चालते याचा नमुना म्हणजे उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव. २००७ ची निवडणूक, बातमी म्हणून छापून आलेल्या जाहिरातीचे २१,२५० रुपये दाखवले नाहीत, २०११ मध्ये अपात्र. अशोक चव्हाणांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केलं की हिशेब खरा की खोटा हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे. पुढे त्याच सप्टेंबरात दिल्ली हायकोर्टाने आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश रद्द केला, हेही सांगायला हवं.

आपल्याला जवळचं दतिया. तिथले आमदार नरोत्तम मिश्रा, निवडणूक २००८ ची, तक्रार हरलेले प्रतिस्पर्धी राजेंद्र भारती यांची २००९ ची, पैसे देऊन छापलेल्या बातम्यांचा आरोप, ४२ बातम्या. मिश्रांनी आरोप कायम नाकारला. आयोगाने २३ जून २०१७ ला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, मंत्री असताना जुलैतल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मत देता आलं नाही. मे २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला, कारण खर्च त्यांनी केला किंवा त्याला संमती दिली याचा पुरावा नव्हता. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं: बातमी छापली हे दिसतं, पैसे कोणी दिले ते दिसत नाही.

बेडई_जलेबी

आणि मग २०१८ च्या शेवटी दतियाने त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. २०२३ ला भारतींना. आयोगाने नाही, मतदारांनी आपल्या हिशेबाने ठरवलं.

कलम७७

मतदारांनी हिशेब बघून ठरवलं, असं मी तरी म्हणणार नाही. हंटरवर ऑगस्ट २०१८ मध्ये आरोपपत्र आलं आणि नोव्हेंबरात तो जिंकला. पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला, ११ महिन्यांची शिक्षा झाली, आणि ती सुरू व्हायच्या आधीच डिसेंबर २०२० मध्ये माफी मिळाली. सशावर हसणारे तिथेही मत देताना दुसरंच काही बघत होते. निदान तुलना करताना ग्रुपवर एवढं सांगा.

शिंदेछावणी

तारखांचं अजिबात माहीत नव्हतं. मग प्रचार चालू असताना घराबाहेरून जाणारी पंधरा गाड्यांची रांग दिसली, तर सी-व्हिजिलवर (आयोगाचं तक्रारीचं ॲप) टाकायची की निरीक्षकाला कळवायचं?

मुरारकर

दोन्ही. सी-व्हिजिलवर १०० मिनिटांत निकाली काढायचं बंधन असतं, भरारी पथक खरोखर येतं. पण ॲपमधूनच काढलेला फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही, लोकेशन चालू हवं. आधी व्हिडिओ काढून मग घरी जाऊन टाकू, असं करणाऱ्यांचं सगळं वाया जातं. ॲप चालतं ते आचारसंहितेच्या काळातच, आणि त्यात तुमच्याकडे कागद काही उरत नाही.

म्हणून त्याच दिवशी खर्च निरीक्षकाला लेखी द्या. त्यांचा नंबर जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांत येतो. मजकूर असा ठेवा: तारीख, वेळ, जनकगंज की दौलतगंज ते, गाड्यांचे नंबर जेवढे वाचता आले तेवढे, कोणत्या गाडीवर परवाना चिकटवलेला नव्हता. ‘लाखोंची उधळपट्टी’ असले शब्द नकोत, गाड्या पंधरा असतील तर पंधरा लिहा. पोचेवर आवक क्रमांक घ्या. ३० दिवसांनी एक रुपया भरून अनुसूची ५ उघडाल, तेव्हा त्या पंधरांतल्या किती आहेत ते याच कागदावरून मोजायचं आहे.