ड्रायसूटच्या आतला हीटेड वेस्ट : घ्यावा का, आणि कोणता?

कृष्णाकाठची (मिरज)

नमस्कार. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. पोहायला कृष्णेत शिकले, स्कूबा तारकर्लीत. तिथलं पाणी कोमट, ३ मिलिमीटरचा वेटसूट पुष्कळ झाला. भाऊ नॉर्वेत बर्गनला असतो. मागच्या मार्चमध्ये त्यानं मला तिकडं ड्रायसूटचा, म्हणजे आत पाणी न येऊ देणाऱ्या सूटचा, कोर्स करायला लावला. पाणी ५ अंश. सूटमध्ये थेंबभर पाणी आलं नाही, तरी पंचविसाव्या मिनिटाला मी काकडले. बोटं इतकी बधिर झाली की छातीवरचं इन्फ्लेटरचं (सूटमध्ये हवा भरायच्या व्हॉल्व्हचं) बटण दाबलं गेलं की नाही, हे हवेच्या आवाजावरून ओळखावं लागत होतं. अंगात कॉटनचा टी-शर्ट, कॉटनची लेगिंग आणि वर भाड्यानं घेतलेला पातळ अंडरसूट (ड्रायसूटच्या आत घालायचा उबदार पोशाख) होता.

येत्या मार्चमध्ये परत जाते आहे. आठ डाइव्ह ठरल्यात, सगळ्यात खोल ३० मीटर. भावाच्या ओळखीतला एक जण वापरलेला हीटेड वेस्ट (बॅटरीवर तापणारं बिनबाह्यांचं जाकीट) विकतोय. त्याची बॅटरी सूटच्या बाहेर पट्ट्याला लावायची आणि वायर इन्फ्लेटर व्हॉल्व्हमधून आत जाते. नव्यांमध्ये बॅटरी आतच खिशात असलेलेही मिळतात. कोणता बरा? की वेस्ट सोडून चांगला जाड अंडरसूटच घेऊ? खर्च एकाचाच झेपणार आहे.

वाईकर

ताई, अंडरसूट घ्या. वेस्ट नंतर.

मी मूळचा वाईचा. बावीस वर्षं परदेशात पाण्याखालच्या कामावर होतो. आमच्या कामात बोटीवरून नळीनं गरम पाणी सूटमध्ये सोडतात, त्यामुळे बॅटरीची भानगड नसायची. हीटेड वेस्ट मी सुट्टीत, हौसेच्या डाइव्हिंगला वापरला, आणि त्यानंच मला धडा दिला.

स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो आहे. १९१९ च्या जूनमध्ये जर्मन आरमारानं आपलीच जहाजं तिथं बुडवली, त्यातली काही अजून तळाशी आहेत. त्यातल्या एका जहाजावर ३८ मीटरला उतरलो होतो. वेस्ट सुरुवातीपासून पूर्ण तापमानावर ठेवला. तळाशी इतकी मस्त ऊब की वेळेपेक्षा जास्त थांबलो. वर येताना ६ मीटरच्या डेको थांब्यावर (अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून थांबतात तिथं) पाठ एकदम गार पडली. वायरच्या जोडात पाणी शिरलं होतं. अंडरसूट मी मुद्दाम पातळ घातलेला, वेस्ट आहे म्हणून. तिथं २२ मिनिटं काढायची होती. दातावर दात आपटत होते, रेग्युलेटर (श्वास घ्यायची तोंडातली तोटी) ओठात धरवत नव्हता. संध्याकाळी जेवताना उजव्या खांद्यात ठणका सुरू झाला आणि रात्र चेंबरमध्ये, म्हणजे नायट्रोजनच्या बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार करायच्या दाबाच्या टाकीत, गेली.

आता ह्याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. अंग गरम असलं की रक्त स्नायूंत, कातडीत भरपूर फिरतं आणि तळाशी नायट्रोजनही भरपूर मुरतो. मग गारठलात की शिरा आवळतात, आणि जो बाहेर पडायला हवा तो आत अडकतो. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेनं २००७ मध्ये ३६ आणि २७ अंशांच्या पाण्यात ह्याच्या चाचण्या छापल्या. तळाशी गरम आणि वर येताना गार, हा सगळ्यात वाईट प्रकार निघाला. तळाशी गार आणि वर येताना गरम, हा सगळ्यात चांगला. बंद पडलेला वेस्ट तुम्हाला नेमका त्या वाईट प्रकारात नेऊन सोडतो.

म्हणून कपडे असे घाला की वेस्ट पाण्यात शिरताक्षणी मेला तरी पूर्ण डाइव्ह निभेल. ५ अंशाला ४०० ग्रॅमचा (चौरस मीटरमागे) थिन्सुलेट, म्हणजे बारीक कृत्रिम तंतूंच्या अस्तराचा, अंडरसूट बघा. सूट त्यावरून सैल बसतोय ना, हात डोक्यामागच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतोय ना, हे दुकानातच करून बघा. ऊब धरते ती कपड्यात अडकलेली हवा. सूट घट्ट झाला की हवा दबते, मग कितीही जाड घाला, उपयोग नाही. खाली जायला कमरेला लावायचं शिसं मात्र वाढेल, तारकर्लीचा आकडा विसरा. पहिली डाइव्ह फक्त वजन जुळवायला ठेवा.

आणि ते कॉटन कायमचं काढून टाका. धक्क्यावर सिलिंडर उचलताना जो घाम येतो तो कॉटन धरून ठेवतं. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं ऊब ओढतं. तुम्ही पाण्यात शिरायच्या आधीच आतून ओल्या होता.

माणदेशी (आटपाडी)

मी डायव्हर नाही, पण आमचं घर लोकरीवर वाढलंय. पावसात मेंढरांमागं हिंडणारा माणूस घोंगडी का सोडत नाही? भिजली तरी ती ऊब धरते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, अंगाला टोचते, ती आत घालवणार नाही. मेरिनो मऊ असते, अंगालगत तीच घ्या. धुताना गरम पाणी नको आणि पिळू नका, आटते.

कृष्णाकाठची

काका, खांद्याचं वाचून अंगावर काटा आला. मेरिनो नक्की. पण वेस्ट वापरायचाच झाला तर बॅटरी आत की बाहेर? आणि बोटांचं काय करू?

कुपवाड_एमआयडीसी

बॅटरी पॅकचं काम करतो म्हणून तेवढंच लिहितो. पॅकवरचे वॉट-अवर भागिले वेस्टचे वॉट. १०० ला ५० नं भागलं की कागदावर दोन तास. थंडीत त्यातले सगळे मिळत नाहीत आणि वापरलेला पॅक असेल तर अजून कमी. बादलीत बर्फ टाकून पॅक त्यात ठेवा, वेस्ट जोडा, घड्याळ लावा. विमानात सुटा लिथियम पॅक हातातल्या बॅगेतच न्यायचा. १०० वॉट-अवरपर्यंत अडचण नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

वाईकर

मी बाहेरच्या बॅटरीच्या बाजूनं. वेस्टचा एखादा भाग चटके देऊ लागला तर पाण्यातच जोड सोडवता येतो. आतली बॅटरी तापली तर ३० मीटरवर ड्रायसूटची चेन उघडणार आहात का? पण बाहेरच्याला जोड आले, आणि माझा जोडच गेला होता. वापरलेला घेताना जोडातली ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) काढून नखावरून फिरवून बघा, केसाएवढी चीर असली तरी लागते. पिनांवर हिरवट डाग दिसला तर तो वेस्ट घेऊच नका. वेस्ट कातडीला लावू नका, मेरिनोवर घाला. सूटमध्ये भरायला साधी हवा, जास्त ऑक्सिजनचं मिश्रण विजेच्या तारांशेजारी नको. खाली असताना बंद किंवा अगदी कमी, वर यायला लागलात की वाढवा.

बोटांसाठी मनगटाला रिंग असलेले कोरडे हातमोजे, आत पातळ लोकरीचे. छाती-पोट गरम राहिलं की शरीर हातांचं रक्त तोडत नाही, त्यामुळे अर्धं काम अंडरसूटच करेल. वर आल्यावर लगेच कढत पाण्यानं अंघोळ करू नका, तासभर स्वेटर आणि चहावर काढा.

कृष्णाकाठची

४०० चा अंडरसूट आणि हातमोजे ठरवले. वेस्टचं पुढच्या वर्षी बघेन. तरी भावाला जोड उघडून फोटो पाठवायला सांगितलं होतं, तो आत्ताच आला. चारपैकी दोन पिनांच्या बुडाशी हिरवं आहे.