मदत हवी आहे : ग्लासगोला निघालेल्या मुलींसाठी नमाजची सोय

सलाम आणि नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या काही मुली सप्टेंबरात मास्टर्सला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला निघाल्यात. तिथे शिकलेल्या आपा-ताईंकडून नेमकी माहिती हवी आहे.

खरी अडचण डिसेंबरची. तिथे सूर्य पावणेचारलाच मावळतो. म्हणजे सव्वाबारानंतर जोहर (दुपारची), असर (तिसऱ्या प्रहरची), मगरिब (सूर्यास्तानंतरची) या तिन्ही नमाजा लॅबच्या वेळेतच. त्यात आपल्याकडच्या बहुतेक मुली हनफी पंथाच्या, त्यांची असर उशिरा लागते, मगरिबपर्यंत जेमतेम पावणेदोन तास उरतात. प्रॅक्टिकल सोडून पंधरा मिनिटं बाहेर जायचं तर कुणाला सांगायचं, सुपरवायझरला की विभागाच्या ऑफिसात? आधी मेल टाकावा लागतो का?

वजूचं, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याचं पण सांगा. बेसिनमध्ये पाय धुतले की फरशी ओली होते, कुणी घसरलं की तक्रार ठरलेलीच. सकाळी वजू करून चामड्याचे मोजे चढवले तर चोवीस तास मसह (पाय न धुता मोज्यांवरून ओला हात फिरवणं) चालतो. असे मोजे तिथे मिळतात, की इथूनच न्यावेत?

आपल्या गल्लीत बायकांची कुराणखानी (एकत्र कुराण वाचणं) घरोघरी होते, मशिदीत जायची सवय बहुतेकींना नाही. तिथल्या मुस्लिम विद्यार्थी संघटनेत मुलींचा वेगळा ग्रुप असतो का, की सगळं मुलगेच ठरवतात? बायकांच्या नमाजखोलीला कार्ड लागतं का?

2027 चा रमजान 8 फेब्रुवारीच्या आसपास, चंद्रावर अवलंबून. रोजा लहान, पण तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजानंतर) रात्री हॉस्टेलवर परतायला मुली एकत्र कशा येतात?