मदत हवी आहे: राखणीच्या कुत्र्याला पट्टा कोणता घालावा?

नमस्कार मंडळी. जुन्नरकडे उसाच्या कडेला आमचा शेळ्यांचा गोठा आहे. राखणीला दीड वर्षाचा कारवानी जातीचा कुत्रा, राजा. बिबट्या धरतो तो मानेलाच, म्हणून खिळ्यांचा चामडी पट्टा घातला. पण खिळ्यांच्या आतल्या डोक्यांनी मान सोलून निघालीय. आतून जाड अस्तर लावू की रुंद पट्टाच नवा करून घेऊ? त्यात या जातीचं डोकं निमुळतं, सैल ठेवला की मागे सरकून मान काढून घेतो लबाड!

दुसरं, शेळी उधळली की हा मागे लागतो. एकजण म्हणाला, शॉकचा पट्टा घाल. मला पटत नाही. झटका बसला की शेळीलाच वैरी समजायचा. लांब दोरी लावून, भाकरीच्या तुकड्यावर कुणी शिकवलंय का? किती दिवस लागले?