घरची प्रमाणं आता ग्रॅममध्ये लिहा. वाटी पुरत नाही

चोपड्याची लेक
आमच्या मोठ्या मायच्या वहीत मांड्यांच्या, म्हणजे खापरावर भाजायच्या पातळ पुरणपोळ्यांच्या, पुरणाचं प्रमाण आहे, 'डाळ २ वाट्या, गूळ २ वाट्या'. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी तसंच केलं आणि पुरण सैल झालं. मांडा हातावर फिरवायला घेतला तर कोपराशीच फाटला, खापरापर्यंत पोचलाच नाही. मग तीच वाटी काट्यावर ठेवली. हरभऱ्याची डाळ १४५ ग्रॅम भरली. बारीक चिरलेला गूळ अलगद भरला तर ११५, अंगठ्यानं दाबला तर १७०. मी दाबून भरला होता. मोठी माय कसा भरायची, ते वहीत नाही आणि आता विचारायला ती नाही. म्हणून म्हणते, आया-मावश्या आहेत तोवर त्यांची वाटी वजनात उतरवून घ्या.

यावलचा शेतकरी
ताई, मला हे पटत नाही. वाटी म्हणजे वजन नव्हे, हिस्सा. भाकरीच्या कळण्याला आम्ही ४ मापं ज्वारी आणि १ माप काळे उडीद घेतो. माप कोणतंही घ्या, भाकरी तीच होते. १९५६ च्या कायद्यानं किलो-लिटर आले, तरी आमच्या घरात पायली अजून आहे. ४ शेरांची पायली, २ मापट्यांचा शेर, हे पोरांनाही तोंडपाठ. काटा कशाला?

चोपड्याची लेक
दादा, ज्वारी-उडदाला तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. दाणा दाबला जात नाही, त्याची वाटी दर वेळी जवळपास तेवढीच भरते. पीठ आणि गूळ तसे नाहीत. त्याच वाटीत चाळलेली कणीक ८५ ग्रॅम आली, डब्यातली दाबून भरलेली १२०. हिस्सा तिथंच बिघडतो.

धुळ्याचा आचारी
मी वजनाच्या बाजूनं. लग्नाच्या स्वयंपाकात मापावर विसंबलं की नुकसान होतं. तेलाचंच बघा. १ लिटरच्या पाकिटावर ९१० ग्रॅम छापलेलं असतं, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. बाजारात १५ किलोचाही डबा मिळतो आणि १५ लिटरचाही. लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या आसपास. यजमानानं यादीत नुसतं 'तेल, १ डबा' लिहिलं आणि लिटरचा आणला, तर शेवभाजीच्या तर्रीला सव्वा किलोच्या वर तेल कमी पडतं. मी आता यादीत किलोच लिहितो.

साक्रीची काकू
तुम्ही सगळे मोजत बसा, पण बिबड्यांचं, आमच्या ज्वारीच्या पापडांचं, काय? ज्वारी तीन दिवस भिजवते, कांडते, भरडते, मग आधणात घाटा शिजवते. जुनी ज्वारी जास्त पाणी पिते, नवी कमी. ग्रॅम लिहिले तरी पाणी दर वर्षी वेगळंच लागणार. घाटा शिजत आला की बुडबुड्यांचा आवाज जड होतो, लाकडी चाटू उभा राहतो. ते कानानं आणि मनगटानं कळतं. कागदावर विसंबून पोरी हात घालायचं सोडतील, याची मला काळजी वाटते.

चोपड्याची लेक
काकू, पाण्याचं मान्य, ते लिहिता येणार नाही. पण मीठ? बारीक मिठाचा सपाट चमचा ६ ग्रॅम भरतो, खड्याचा त्याहून कमी, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. तुम्ही खडे मीठ घालता आणि सून पुड्यातलं बारीक. चमचे सारखे मोजले तरी तिचे बिबडे खारट होणार.

साक्रीची काकू
हे मात्र झालंय आमच्याकडे! दोन वर्षांमागं अख्खी एक साडी भरून वाळवलेले बिबडे खारट निघाले, आणि मी तिलाच बोलले होते. या उन्हाळ्यात मीठ काट्यावर मोजून घालते. पण वहीत पाण्यापुढं आकडा लिहू नको बाई. 'चाटू उभा राहीपर्यंत' असंच लिही.

चोपड्याची लेक
तसंच लिहिते, काकू. आणि ज्वारी नवी की जुनी, तेही शेजारी लिहिते.