पॉमेरेनियनचं पिल्लू सकाळी लटपटतं, काय करावं?

नाशिकची_सई: पॉमेरेनियन, मादी, 11 आठवडे, वजन 900 ग्रॅम. रात्री 9 ला शेवटचं खाणं. सकाळी 7 ला मान टाकलेली असते, पाय लटपटतात, अंग गार लागतं. दूध-पोळी खाल्ली की अर्ध्या तासात घरभर हुंदडते. जंताचं औषध सहाव्या आठवड्यात एकदाच दिलंय. गळ्यातला पट्टा ताणला गेला की खोकते. उन्हाळ्यासाठी केस काढून टाकू असं घरच्यांचं म्हणणं आहे.

श्वानपाल: रक्तातली साखर उतरतेय. एवढ्याशा यकृतात साठा जेमतेम, अंगावर मांस नाही, त्यात 10 तास पोट रिकामं. रात्री 11 ला आणि पहाटे 5 ला खाणं द्या, दिवसा आणखी तीनदा.

दूध-पोळी बंद. त्यात प्रथिनं कमी, शिवाय दुधाने जुलाब लागले की साखर आणखी घसरते. या वजनाला रोज साधारण 190 कॅलरी लागतात, म्हणजे पिल्लांचं कोरडं खाणं 50 ग्रॅमच्या आसपास. कोमट पाण्यात भिजवून पाच वाटण्या करा. वजन दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर घ्या. ते वाढायचं थांबलं तर काहीतरी बिघडलंय.

लटपटली तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळा, पाव चमचा पुरे. गिळत नसेल तर तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. उभी राहिली की लगेच खाऊ घाला आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. झटके आले किंवा शुद्ध हरपली तर मध चोळत चोळतच निघा.

गुबगुबीत: जंतही तपासून घ्या. 12 आठवड्यांपर्यंत दर 15 दिवसांनी औषध द्यायचं असतं, तुमच्याकडे मधले डोस राहिलेत. डोस वजनावर ठरतो, अंदाजाने नको. गोचिडाच्या गोळ्यांचंही तेच. काही गोळ्या 2 किलोखाली चालत नाहीत, पाकीट वाचा.

आणि वेळेवर खाऊनही लटपटतच राहिली, किंवा *खाल्ल्यावर* सुस्त पडून भिंतीला डोकं लावून उभी राहू लागली, तर यकृताला वळसा घालणारी रक्तवाहिनी असू शकते. बाइल ॲसिडची चाचणी करायला सांगा.

श्वानपाल: पट्टा आजच काढा. या जातीत श्वासनळीच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडून नळी चपटी होते, मग बदकासारखा भसाडा खोकला सुरू होतो. छातीवरून जाणारा हार्नेस घाला, दोन बोटं आत सरकतील इतका सैल. पुढे वजन वाढू दिलंत तर हाच खोकला बळावेल. नाकाने आत ओढत घुरघुरणं वेगळं. ते अर्ध्या मिनिटात थांबतं आणि बहुधा निरुपद्रवी असतं.

लोकरीचा_गोळा: केस भादरू नका! दुहेरी थर आहे. मोठेपणी मशीन फिरवलं तर वरचे राठ केस कधी कधी वर्षभर येत नाहीत, टक्कल दिसतं, ऊनही थेट कातडीवर लागतं. आठवड्यातून तीनदा पाण्याचा फवारा मारून थराथराने मुळापर्यंत विंचरा. कानामागे आणि काखेत गुंता आधी होतो. पंजाखालचे आणि गुदद्वाराभोवतीचे केस तेवढे कापा. चौथ्या-पाचव्या महिन्यात केस गळून ती खारीसारखी दिसेल, घाबरू नका.

नाशिकची_सई: कळलं. उकडलेलं चिकन चालेल? आणि सोफ्यावरून उड्या मारते त्याचं काय?

गुबगुबीत: चिकन बिनमिठाचं, बिनहाडाचं, रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाइतकंच. कांदा-लसणाचा रस्सा अजिबात नको, द्राक्षं आणि मनुकाही नकोत (नाशिकला हे मुद्दाम सांगतो). सोफा बंद किंवा पायरी लावा. या जातींत पुढच्या पायाची हाडं मनगटाजवळ मोडतात आणि तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने जुळायला वेळ लागतो. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरा, मागच्या पायाची वाटी सरकते. चालताना मध्येच एक पाय उचलून लंगडी घालून परत टेकवला, तर ती सरकलीच म्हणून समजा.