वेली घेवड्याची फुलं गळताहेत, शेंग धरत नाही. खान्देशातल्या मंडळींची मदत हवी

राम राम मंडळी. आम्ही अमळनेरला राहतो. परसात संक्रांतीनंतर वेली घेवडा लावलाय. बी सासूबाईंच्या माहेरचं, साताऱ्याकडचं, पिढ्यान्‌पिढ्या घरात राखलेलं. बरणीत आता जेमतेम मूठभर उरलंय. भाजी नाही मिळाली तरी चालेल, पण बियाण्यापुरत्या शेंगा काहीही करून हव्यात.

वेल जोरात आहे. तुराट्यांचा मांडव भरून तो शेजारच्या शेवग्यावर चढलाय. होळीच्या आधी पांढऱ्या फुलांचे झुबके आले, आणि आता रोज सकाळी खाली फुलांचा सडा. देठ सांध्याशी पिवळा पडतो, बोट लागताच फूल सुटतं. कुठे टाचणीएवढी शेंग दिसते, तीही सुकून जाते.

माती काळी, पाणी बोअरचं, ठिबकवर. खत फक्त कुजलेलं शेणखत, युरिया अजिबात नाही. पानं उलटून पाहिली, मावा नाही की लाल कोळ्याची जाळी नाही. भर दुपारी पानं उन्हाला कड देऊन उभी होतात आणि संध्याकाळी परत पसरतात, म्हणजे पाणी कमी पडत नसावं.

माझा संशय उन्हावरच आहे. पारा आताच 38-39 वर गेलाय, रात्रीही भिंती गार होत नाहीत. 30-32 अंशांच्या वर घेवड्याची फुलं गळायला लागतात हे ठाऊक आहे. शेजारच्या काकू मधमाश्या कमी झाल्या म्हणतात, पण घेवड्याचं फूल आपल्याच परागावर धरतं, त्यामुळे ते कारण वाटत नाही.

आता विचारायचं ते असं. पश्चिमेकडून 50 टक्क्यांची शेडनेट बांधली तर उरलेली फुलं धरतील का, की सावलीने वेल नुसताच पानावर जाईल? कोणी शेंडे खुडून पाहिलेत का? आणि एप्रिल-मेच्या उन्हातून वेल निघणारच नसेल, तर तो काढून त्याच मांडवावर चवळी सोडावी म्हणते, ती उन्हाला दाद देत नाही. वेल उपटण्यापेक्षा जमिनीलगत कापून मुळ्या गाठींसकट मातीतच ठेवलेल्या बऱ्या ना?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उरलेली मूठ कधी पेरू? पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत पाणी तुंबतं, बी कुजायची भीती. डिसेंबरच्या थंडीत उगवणच रेंगाळते. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आसपास पेरलं तर फूल ऐन थंडीच्या तोंडावर येईल असा माझा हिशोब. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे वेली घेवड्याचं बी कोणी घरी धरलं असेल, तर पेरणीचा महिना आवर्जून सांगा. तोवर बी राखेत ठेवलंय, भुंगा लागू नये म्हणून आणखी काही करायला हवं का?