शाकाहारी की वाराप्रमाणे?

भारतातले बहुतेक लोक शाकाहारी आहेत, असं नेहमी म्हटलं जातं. हे पटत नाही. जनगणना करणाऱ्या महानिबंधक कार्यालयाच्या 2014 च्या नमुना सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या साधारण 29 टक्के लोकांनीच स्वतःला शाकाहारी म्हटलं होतं. राजस्थानात हे प्रमाण 75 टक्क्यांच्या आसपास, तर तेलंगण आणि पश्चिम बंगालमध्ये दोन टक्क्यांहूनही कमी! आपला महाराष्ट्र मधोमध, 40 टक्के.

पण या आकड्यांत आमच्यासारखी घरं कुठे बसवायची? सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी आणि अख्खा श्रावण आमच्याकडे मासे-मटण नसतं. म्हणजे वर्षातले कितीतरी दिवस आम्ही शाकाहारीच, तरी सर्वेक्षणात मांसाहारी. आणि या दिवसांचा स्वयंपाक म्हणजे नुसती तडजोड नव्हे. कोकणात काळ्या वाटाण्याचं सांबार, वालाचं बिरडं, ओल्या काजूंची उसळ, फणसाची भाजी हे पदार्थ मांसाहारी घरांतही तितक्याच प्रेमाने केले जातात. काळ्या वाटाण्याच्या सांबाराला तर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं तेच वाटण लागतं जे मटणाला. शाकाहारी पाककला फक्त शाकाहाऱ्यांनी जपली असं म्हणणं या घरांतल्या बायकांवर अन्याय आहे.